रासायनिक समीकरण जुळतच नाही? सहगुणक बाजूला ठेवा, आधी सूत्र तपासा

डावीकडचं जुळवलं की उजवीकडचं बिघडतं, उजवीकडचं सारखं केलं की डावीकडे पुन्हा गडबड. दहावीच्या आणि नुकत्याच अकरावीत गेलेल्या मुलांची ही तक्रार परीक्षा तोंडावर आली की हमखास येते. पान खोडाखोडीनं भरतं, शेवटी मूल उत्तर पाठ करून मोकळं होतं, आणि पेपरात दुसरंच समीकरण आलं की पुन्हा तेच.

मोजता येत नाही म्हणून असं क्वचितच होतं. कार्बन किती, हायड्रोजन किती हे सगळ्यांना मोजता येतं. बहुतेक वेळा मोजायला बसण्याआधीच घोळ झालेला असतो. सूत्र चुकलेलं असतं, उत्पादित (अभिक्रियेतून तयार होणारा पदार्थ) चुकलेलं असतं, नाहीतर ज्या आकड्याला हात लावायचा नाही त्याला हात लागलेला असतो. त्यामुळे आपलं समीकरण नेमकं कसं अडलंय ते आधी बघा आणि खाली त्याप्रमाणे शोधा.

वाचताना एवढं ध्यानात ठेवा: इथे संज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, वहीत नेहमीप्रमाणे रोमन अक्षरंच लिहायची. सूत्राच्या आधीचा मोठा आकडा म्हणजे सहगुणक. अक्षराच्या पायाशी असलेला बारीक आकडा म्हणजे पादांक. २एच₂ओ म्हणजे पाण्याचे दोन रेणू, प्रत्येकात हायड्रोजनचे दोन अणू. सहगुणक बदलायची मुभा आहे, पादांक बदलायची नाही.

काहीही केलं तरी जुळत नाही

तासभर झगडूनही जुळत नसेल तर तुमची चिकाटी कमी पडत नाहीये. ते समीकरण जुळणं अशक्यच असू शकतं. उदाहरण बघा. सोडिअम सल्फेट आणि बेरिअम क्लोराइडची द्रावणं एकत्र केली की पांढरा अवक्षेप (न विरघळणारा साका) येतो. वहीत हे असं उतरतं:

एनए₂एसओ₄ + बीएसीएल₂ → बीएएसओ₄ + एनएसीएल₂

बेरिअम आणि सल्फेट दोन्हीकडे एकेक, छान. क्लोरीन दोन-दोन, तेही छान. सोडिअम मात्र डावीकडे दोन, उजवीकडे एक. म्हणून एनएसीएल₂ च्या आधी २ लिहिला, तर क्लोरीन चार झाले. मग बेरिअम क्लोराइडच्या आधी २. आता बेरिअम दोन, म्हणून बेरिअम सल्फेट दोन. मग सल्फेट दोन, म्हणून सोडिअम सल्फेट दोन. आता सोडिअम चार, आणि उजवीकडे दोनच. जिथून निघालो तिथेच आलो, फक्त आकडे दुप्पट झाले. असा फेरा सुरू झाला की लगेच हात थांबवा. सूत्र चुकल्याची ही पक्की खूण आहे.

इथे चुकलंय ते शेवटचं सूत्र. बेरिअम क्लोराइडमधल्या क्लोरीनच्या पायाशी २ होता, तो मुलानं क्लोरीनबरोबर उचलून सोडिअमच्या घरी नेला. पण तो २ क्लोरीनच्या मालकीचा नव्हताच. बेरिअमची संयुजा (जोडी जमवण्याची क्षमता) २ आणि क्लोरीनची १, म्हणून त्या जोडीसाठी तो लागला होता. सोडिअमची संयुजा १, क्लोरीनचीही १, म्हणून नुसतं एनएसीएल. सूत्र दुरुस्त केलं की एका ओळीत काम होतं:

एनए₂एसओ₄ + बीएसीएल₂ → बीएएसओ₄ + २एनएसीएल

याच जातीची दुसरी चूक म्हणजे विरलेला चुना आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या अभिक्रियेत कॅल्शिअम क्लोराइड सीएसीएल असं लिहिणं. तेही कधीच जुळणार नाही, करून बघा. सीएसीएल₂ लिहिलं की सीए(ओएच)₂ + २एचसीएल → सीएसीएल₂ + २एच₂ओ असं सरळ बसतं.

जुळणं अशक्य होण्याचं आणखी एक कारण म्हणजे एखादं उत्पादित राहून जाणं. धुण्याच्या सोड्यावर आम्ल टाकलं की फसफसतं, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड सगळ्यांना आठवतो. पाणी दिसत नाही, म्हणून विसरतं. डावीकडे हायड्रोजन आहे आणि उजवीकडे तो कुठेच नाही, असं असेल तर सहगुणकांनी तो उगवणार नाही. आधी दोन्ही बाजूंची मूलद्रव्यांची यादी करा. यादीच सारखी नसेल तर पुढे जायचं नाही.

पटकन जुळलं, तरी चूक

ही उलटी बाजू जास्त फसवी, कारण इथे मुलाला शंकाच येत नाही.

एच₂ + ओ₂ → एच₂ओ₂. अणू मोजा, दोन-दोन, चोख. पण प्रश्न होता पाणी तयार होण्याचा. मुलानं एच₂ओ लिहिलं, उजवीकडे एक ऑक्सिजन कमी पडला, म्हणून त्याच्या पायाशी हळूच २ चिकटवला. झालं हायड्रोजन पेरॉक्साइड, औषधाच्या दुकानात जखम धुवायला मिळतं ते. पादांक बदलला की पदार्थच बदलतो. इथे सहगुणकच लागतात: २एच₂ + ओ₂ → २एच₂ओ.

तसंच एएल + ओ₂ → एएलओ₂. हेही जुळतं, पण असं ॲल्युमिनिअम ऑक्साइड नसतं. ॲल्युमिनिअमची संयुजा ३, ऑक्सिजनची २, म्हणून एएल₂ओ₃, आणि समीकरण ४एएल + ३ओ₂ → २एएल₂ओ₃.

एनए + सीएल → एनएसीएल हाही याच घरातला. वायुरूप क्लोरीन सुटा अणू म्हणून वावरत नाही. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन ही सात मूलद्रव्यं एकटी असताना जोडीनंच लिहायची. म्हणून २एनए + सीएल₂ → २एनएसीएल. संयुगात शिरली की जोडीचा नियम संपतो. काही मुलं तिथेही लावतात आणि एनएसीएल₂ लिहितात. वरचा फेरा बऱ्याचदा तिथूनच सुरू झालेला असतो.

आता हे दोन बघा:

२एफई + ६एचसीएल → २एफईसीएल₃ + ३एच₂

सीयू + एच₂एसओ₄ → सीयूएसओ₄ + एच₂

दोन्हींचे अणू काटेकोर जुळतात, आणि दोन्ही चूक. हायड्रोक्लोरिक आम्लात लोखंड टाकलं तर फेरस क्लोराइड मिळतं: एफई + २एचसीएल → एफईसीएल₂ + एच₂. फेरिक क्लोराइड हवं असेल तर लोखंडाला क्लोरीन वायू लागतो: २एफई + ३सीएल₂ → २एफईसीएल₃. आणि विरल (पाणी घालून सौम्य केलेल्या) सल्फ्युरिक आम्लातून तांबं हायड्रोजन काढूच शकत नाही, कारण क्रियाशीलतेच्या क्रमात ते हायड्रोजनच्या खाली बसतं. अभिक्रिया घडते की नाही हे समीकरण सांगत नाही, ते परीक्षानळी सांगते. उत्पादितं पाठ नसतील किंवा कळलेली नसतील, तर जुळवाजुळवीचा सराव कितीही करा, गुण जाणारच. माझ्या मते शिकवताना या क्रमाकडे फार दुर्लक्ष होतं. पहिल्याच दिवशी सहगुणक हातात देतात आणि सूत्रं ‘येतातच’ असं धरून चालतात.

काहींना दोन्हीकडच्या रेणूंची संख्या सारखी नसली की चुकल्यासारखं वाटतं. तसं काही नाही. एन₂ + ३एच₂ → २एनएच₃ यात चार रेणूंचे दोन होतात. अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात अमोनिया बनतो तो याच अभिक्रियेनं. अणू टिकतात, रेणू टिकलेच पाहिजेत असं नाही.

एका अणूनं अडतं, सम-विषमचा घोळ

सूत्रं बरोबर आहेत, उत्पादितं बरोबर आहेत, तरी ऑक्सिजन एकानं कमी किंवा जास्त. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या ब्युटेनचं ज्वलन घ्या.

सी₄एच₁₀ + ओ₂ → सीओ₂ + एच₂ओ

कार्बन चार, म्हणून ४सीओ₂. हायड्रोजन दहा, म्हणून ५एच₂ओ. आता उजवीकडे ऑक्सिजन ८ आणि ५ मिळून १३. डावीकडे ओ₂ जोडीनंच येतो, म्हणजे तिथे नेहमी सम संख्या. तेरा काही होत नाहीत. इथे मुलं आधीचं सगळं खोडून नव्यानं सुरू करतात, आणि तीच चूक. खोडू नका. साडेसहा लिहा: सी₄एच₁₀ + ६½ओ₂ → ४सीओ₂ + ५एच₂ओ. जुळलं. आता सगळ्याला दोननं गुणा:

२सी₄एच₁₀ + १३ओ₂ → ८सीओ₂ + १०एच₂ओ

दहावीच्या उत्तरात पूर्णांकच ठेवा, आणि तेही लहानात लहान. ४एच₂ + २ओ₂ → ४एच₂ओ जुळतं खरं, पण दोननं भाग जातो तर द्यायचा. बारावीत उष्णतेच्या गणितात एक मोल पाण्याच्या निर्मितीचं समीकरण लिहिताना ½ओ₂ मुद्दाम ठेवतात, तिथे तो काढायचा नाही.

सुरुवात कुठून करायची

‘आधी धातू, मग अधातू, मग हायड्रोजन, ऑक्सिजन सगळ्यात शेवटी’ ही ओळ बहुतेकांना पाठ असते. बऱ्याचदा चालते, पण तिच्यामागचं कारण कळलं नाही तर दगा देते. ऑक्सिजन शेवटी ठेवतात, कारण तो पुष्कळदा ओ₂ म्हणून सुटा असतो. सुट्या मूलद्रव्याचा सहगुणक बदलला की दुसऱ्या कुणाला धक्का लागत नाही. म्हणून खरा नियम असा: जे मूलद्रव्य दोन्हीकडे एकेकाच संयुगात आहे त्यापासून सुरुवात, आणि जे सुटं आहे ते शेवटी.

रेल्वेचे रूळ सांधायला जी थर्मिट अभिक्रिया वापरतात तिचं एक रूप घेऊ:

एफई₃ओ₄ + एएल → एएल₂ओ₃ + एफई

इथे लोखंड आणि ॲल्युमिनिअम दोन्ही एकेका बाजूला सुटे आहेत, ऑक्सिजन मात्र दोन्हीकडे संयुगात. पाठ केलेल्या ओळीप्रमाणे धातूपासून सुरू केलं तर दोन-तीनदा मागे यावं लागतं. ऑक्सिजनपासून सुरू करा. डावीकडे ४, उजवीकडे ३, लसावि १२. म्हणून ३एफई₃ओ₄ आणि ४एएल₂ओ₃. आता लोखंड ९, ॲल्युमिनिअम ८, दोन्ही सुटे, नुसते लिहायचे:

३एफई₃ओ₄ + ८एएल → ४एएल₂ओ₃ + ९एफई

आणि जिथे ऑक्सिजन खरोखर शेवटी यायला हवा तिथलं उदाहरण म्हणजे पायराइट भाजणं: ४एफईएस₂ + ११ओ₂ → २एफई₂ओ₃ + ८एसओ₂. लोखंड, मग गंधक, आणि ऑक्सिजन आपोआप येतो. यातही मध्ये अर्धा येतो, तो वरच्यासारखा दुप्पट करून घालवायचा.

कंस आणि मूलकं

सल्फेट, नायट्रेट, फॉस्फेट ही मूलकं (एकत्रच वावरणारे अणूंचे गट) दोन्हीकडे अखंड असतील तर त्यांचे गंधक-ऑक्सिजन वेगळे मोजत बसू नका, अख्खं मूलक एक नग धरा. ३बीएसीएल₂ + एएल₂(एसओ₄)₃ → ३बीएएसओ₄ + २एएलसीएल₃ हे असं अर्ध्या मिनिटात होतं. ऑक्सिजनचे बारा अणू मोजायला गेलात तर पाच मिनिटं जातात.

पण मूलक फुटत असेल तर ही युक्ती सोडा. लेड नायट्रेट तापवलं की नायट्रेट उरतच नाही: २पीबी(एनओ₃)₂ → २पीबीओ + ४एनओ₂ + ओ₂. इथे प्रत्येक अणू सुटा मोजायचा.

कंसाबाहेरचा पादांक कंसातल्या सगळ्यांना लागतो, हे माहीत असूनही कंसच लिहायचा राहतो. सीए(ओएच)₂ च्या जागी सीएओएच₂ लिहिलं की ऑक्सिजन एकच उरतो आणि पुढचं सगळं बिघडतं. अक्षराचंही तसंच. रोमनमध्ये सी मोठा आणि ओ बारीक काढला तर तो कोबाल्ट, दोन्ही मोठे काढले तर कार्बन मोनॉक्साइड. आणि सहगुणक सूत्राच्या मध्ये घुसवायचा नाही, तो पुढेच.

नायट्रिक आम्ल आलं की हात-पाय गळतात

तांबं आणि विरल नायट्रिक आम्ल. नायट्रोजन उजवीकडे दोन ठिकाणी, ऑक्सिजन तीन ठिकाणी. नुसतं बघून जुळवणं जिवावर येतं. इथे सरळ बीजगणित वापरा, लाज बाळगू नका:

क सीयू + ख एचएनओ₃ → ग सीयू(एनओ₃)₂ + घ एनओ + च एच₂ओ

तांब्यावरून क = ग. हायड्रोजनवरून ख = २च. नायट्रोजनवरून ख = २ग + घ. ऑक्सिजनवरून ३ख = ६ग + घ + च.

आता घ च्या जागी (ख − २ग) आणि च च्या जागी ख/२ टाका. ३ख = ६ग + ख − २ग + ख/२, म्हणजे १½ख = ४ग, म्हणजे ३ख = ८ग. ग ला ३ धरलं तर ख ८, मग घ २, च ४.

३सीयू + ८एचएनओ₃ → ३सीयू(एनओ₃)₂ + २एनओ + ४एच₂ओ

आम्ल संहत (तीव्र, पाणी कमी असलेलं) असेल तर एनओ च्या जागी तपकिरी एनओ₂ येतो आणि समीकरण बदलतं: सीयू + ४एचएनओ₃ → सीयू(एनओ₃)₂ + २एनओ₂ + २एच₂ओ. प्रश्नात ‘विरल’ की ‘संहत’ हा शब्द शोधा. तो न वाचता लिहिणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

उत्तर तपासायचं कसं

अणू पुन्हा मोजून काढले तर तीच चूक पुन्हा डोळ्यांखालून जाते. त्यापेक्षा वस्तुमान लावून बघा. तापलेल्या लोखंडावरून पाण्याची वाफ नेली तर ३एफई + ४एच₂ओ → एफई₃ओ₄ + ४एच₂. लोखंड ५६, ऑक्सिजन १६, हायड्रोजन १. डावीकडे १६८ आणि ७२, एकूण २४०. उजवीकडे २३२ आणि ८, एकूण २४०. एखादा अणू मोजायचा राहिला असेल तर इथे पकडला जातो. सूत्र किंवा उत्पादित चुकलं असेल तर मात्र नाही, एएलओ₂ सुद्धा ही परीक्षा पास होतो.

आयन (प्रभार असलेले अणू किंवा गट) असतील तर प्रभारही मोजायचा. जेडएन + एजी⁺ → जेडएन²⁺ + एजी यात अणू सारखे, पण डावीकडे एक धन प्रभार आणि उजवीकडे दोन. बरोबर समीकरण जेडएन + २एजी⁺ → जेडएन²⁺ + २एजी.

सगळ्या परीक्षा पास, आणि तरी चूक

हे अकरावी-बारावीवाल्यांसाठी. पोटॅशिअम परमँगनेट, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्ल. दोन मुलं दोन उत्तरं आणतात:

२केएमएनओ₄ + ५एच₂ओ₂ + ३एच₂एसओ₄ → के₂एसओ₄ + २एमएनएसओ₄ + ८एच₂ओ + ५ओ₂

२केएमएनओ₄ + ३एच₂ओ₂ + ३एच₂एसओ₄ → के₂एसओ₄ + २एमएनएसओ₄ + ६एच₂ओ + ४ओ₂

मोजा. पहिल्यात ऑक्सिजन ३० आणि ३०, दुसऱ्यात २६ आणि २६. हायड्रोजन, पोटॅशिअम, मँगनीज, गंधक सगळं दोन्हींत चोख. वस्तुमान दोन्हींत जुळतं. आयनिक रूपात लिहून प्रभार मोजला तर तोही दोन्हींत दोन्हीकडे +४. मग भांडण सुरू होतं.

बीजगणितात बघितलं तर कारण कळतं. तांब्याच्या समीकरणात अज्ञात पाच आणि मूलद्रव्यं चार होती, म्हणून गुणोत्तर एकच निघालं. इथे पदार्थ सात आणि मूलद्रव्यं पाचच, म्हणून एकच गुणोत्तर निघत नाही, अशी कितीही उत्तरं निघतील. दोन समीकरणांतला फरक काढा: पहिल्यात दोन एच₂ओ₂ जास्त, दोन पाणी जास्त, एक ओ₂ जास्त. म्हणजे २एच₂ओ₂ → २एच₂ओ + ओ₂. पेरॉक्साइड आपणहून विघटन पावतं ती ही वेगळीच अभिक्रिया आहे, आणि ती हवी तितक्या पटीत या समीकरणात मिसळली किंवा त्यातून वजा केली तरी अणूंचा हिशोब बिघडत नाही.

निकाल इलेक्ट्रॉन लावतात. मँगनीजचा ऑक्सिडीकरण अंक (अणूच्या इलेक्ट्रॉन देण्याघेण्याचा हिशोबी आकडा) +७ वरून +२ होतो, म्हणजे एका मँगनीजला पाच इलेक्ट्रॉन लागतात, दोघांना दहा. पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन −१ वरून ० होतो, एका रेणूत असे दोन अणू, म्हणजे एका रेणूकडून दोन इलेक्ट्रॉन. दहा इलेक्ट्रॉन द्यायला पेरॉक्साइडचे पाच रेणू लागतात, तीन पुरत नाहीत. तिनांकडून सहाच मिळतात, आणि उरलेले चार कुणी दिले याचं उत्तर दुसऱ्या समीकरणापाशी नाही. तिथे चौथा ओ₂ चा रेणू परमँगनेटच्याच ऑक्सिजनमधून आणावा लागतो.

प्रयोगशाळेत अनुमापनाला (एक द्रावण मोजून घालत दुसऱ्याची तीव्रता काढण्याला) हे लगेच अंगाशी येतं. २ ला ५ ऐवजी २ ला ३ धरलं तर पेरॉक्साइडची तीव्रता खऱ्याच्या ६० टक्केच निघते, ब्युरेटचं (मोजनळीचं) वाचन कितीही अचूक घेतलेलं असो. म्हणून रेडॉक्स (इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण असलेलं) समीकरण असेल आणि एकच मूलद्रव्य तीन-चार ठिकाणी विखुरलेलं दिसत असेल, तर अणूंपासून सुरुवातच करू नका. आधी कुणाचा अंक किती चढला, कुणाचा किती उतरला ते काढा, त्या दोन पदार्थांचे सहगुणक पक्के करा, आणि मग पाणी आणि आम्ल मागून बसवा.